मधुमेहात किडनीवर व्रण का पडतात, आणि कुठल्या कडीवर हात घालायचा

शुगरच्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ आलं की घरचे निर्धास्त होतात. आकडा लॅबच्या छापील मर्यादेत बसतो, ठळक अक्षरात येत नाही, फाईल कपाटात जाते. आता हाच १.१ दोन माणसांना लावून बघा. तीस वर्षांच्या यंत्रमाग कामगाराचा असेल, तर ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, साधारण ९३ येतो. विडी वळणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाईंचा असेल, तर ५७. हा वेग तीन महिने किंवा जास्त काळ साठच्या खाली राहिला, की त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून तयार होणारं, किडनीने बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य. वय वाढलं, स्नायू उतरले की ते मुळातच कमी तयार होतं, म्हणून किडनी थकलेली असूनही आकडा गोंडस दिसतो. तेव्हा नुसतं क्रिएटिनिन वाचू नका. वय आणि लिंग घालून सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्राने ईजीएफआर काढा. लॅब छापत नसेल तर छापायला सांगा.

पण ईजीएफआरही उशिरा बोलतो. मधुमेहात पहिली काही वर्षं तो घटत नाही, उलट वाढतो, आणि ती वाढ हीच बिघाडाची सुरुवात असते. लवकर बोलते ती लघवी.

लघवीची तपासणी नीट कशी करायची

मागायची तपासणी म्हणजे अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचा रेशो, लॅबच्या भाषेत यूएसीआर. साधी पट्टी बुडवून ‘प्रोटीन निल’ असं जे येतं, त्यावर भिस्त ठेवू नका. सुरुवातीचं थोडं अल्ब्युमिन त्या पट्टीला दिसत नाही. टाईप-२ मधुमेह असेल तर निदान झाल्याच्या वर्षीच ही तपासणी करायची, कारण शुगर कधीपासून वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं. टाईप-१ असेल तर पाच वर्षांनी सुरू करायची. त्यानंतर दोघांनीही किमान वर्षातून एकदा.

सकाळची पहिली लघवी, तीही मधल्या धारेची, स्वच्छ डबीत. उपाशीपोटी असण्याची गरज नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशी झालेली अंगमेहनत किंवा शुगर फार चढलेली असणं, यांपैकी काही असेल तर नमुना पुढे ढकला. नाहीतर खोटंच अल्ब्युमिन दिसतं.

रेशोच का, नुसतं अल्ब्युमिन का नाही, ते सोलापूरच्या उन्हाळ्यात चांगलं कळतं. समजा दोन दिवशी लघवीतलं अल्ब्युमिन लिटरमागे ६० मिलिग्रॅमच आलं. एका दिवशी भरपूर पाणी प्यायलेलं, लघवीतलं क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅम: रेशो १२०. दुसऱ्या दिवशी एप्रिलमध्ये शेडमध्ये घाम गाळून लघवी घट्ट झालेली, क्रिएटिनिन २००: रेशो ३०. अल्ब्युमिनचा आकडा तोच, अर्थ चौपट वेगळा. ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हणून एकटाच आकडा छापलेला रिपोर्ट आला तर भागाकार तुम्हीच करा, किंवा लॅबला परत पाठवा. एककही बघा. ग्रॅममागे मिलिग्रॅम असेल तर मर्यादा ३० ची, मिलिमोलमागे असेल तर ३ ची.

३० च्या आत ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू. ३०० च्या वर म्हणजे जोरात. एका नमुन्यावर शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यांतले दोन वाढलेले आले तर खरं. पुढची तपासणी किती वेळा, ते दोन्ही आकडे मिळून ठरवतात. ईजीएफआर ६० च्या वर आणि रेशो ३०० च्या आत असेल तर वर्षातून एकदा पुरते. ईजीएफआर ४५ ते ५९ आणि रेशो ३० ते ३०० असेल तर दोनदा. रेशो ३०० पार गेला, की ईजीएफआर कितीही असो, निदान तीनदा.

लघवीला फेस येतो का, असं पुष्कळजण विचारतात. फेस दिसेपर्यंत थांबणं म्हणजे ३०० ची वेस ओलांडेपर्यंत थांबणं. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणूनही हुरळून जाऊ नका. इतर बहुतेक किडनीविकारांत किडनी आकसते, मधुमेहात ती बराच काळ नेहमीच्या आकाराची किंवा थोडी मोठीच राहते.

आत काय चाललेलं असतं

हे समजून घेतलं तर पुढे कुठली गोळी का दिली हे कळतं, आणि ती मनाने बंद करायचा मोह होत नाही.

एका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि नळी मिळून झालेले बारीक घटक, असतात. प्रत्येकाच्या टोकाला केशवाहिन्यांचा गुच्छ असतो, तो ग्लोमेरुलस. रक्त इथे गाळलं जातं. गाळलेल्या पाण्यात आलेली साखर पुढच्या नळीतले एसजीएलटी-२ नावाचे वाहक परत उचलतात, एकूण साखरेपैकी नव्वद टक्के, आणि साखरेसोबत सोडियमही खेचतात. शुगर वाढली की हे काम वाढतं. परिणामी नळीत पुढे मीठ कमी पोहोचतं. तिथे मीठ मोजणारा पेशींचा पुंजका आहे, मॅक्युला डेन्सा. त्याला वाटतं, गाळणं कमी पडतंय, म्हणून तो गुच्छात रक्त आणणारी वाहिनी सैल करतो. त्याच वेळी अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक बाहेर जाणारी वाहिनी आवळतं. डाळिंबाच्या बागेत ठिबकचा पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मागचा आवळला तर लॅटरलमध्ये जे होतं, तेच इथे होतं: दाब चढतो आणि सगळीकडून गळायला लागतं. सुरुवातीला ईजीएफआर वाढलेला दिसतो तो या दाबामुळे.

दाबाने ग्लोमेरुलसमधल्या, केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी ताणल्या जातात. या पेशींना आणि केशवाहिन्यांच्या अस्तराला आत येणारी साखर अडवता येत नाही. आत साठलेली साखर प्रोटीन कायनेज-सी हे विकर चेतवते, पेशीच्या ऊर्जाघरांतून, म्हणजे मायटोकाँड्रियातून, सुपरऑक्साइड हा पेशीला इजा करणारा ऑक्सिजन बाहेर पडायला लावते. शिवाय साखर प्रथिनांना चिकटून एजीई नावाची संयुगं बनतात. ती कोलॅजनच्या धाग्यांमध्ये गाठी मारतात, आणि असा गाठाळलेला कोलॅजन शरीराच्या कात्र्यांना तुटत नाही. एजीई पेशीवरच्या आरएजीई या ग्राहकाला लागली की दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी जागं होतं, एमसीपी-१ हा बोलावणारा निरोप सुटतो, आणि त्याच्या मागावर रक्तातल्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज, किडनीत शिरतात.

हे सगळे रस्ते एका चौकात येऊन मिळतात, तो चौक म्हणजे टीजीएफ-बीटा-१, पेशींना धागे विणायला सांगणारं प्रथिन. तो पेशीवरच्या ग्राहकाला लागतो, आत स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट जोडलं जातं, ते केंद्रकात जाऊन कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन या धाग्यांच्या प्रथिनांची जनुकं चालू करतात. त्याच वेळी पीएआय-१ हे प्रथिन वाढतं, म्हणजे जुना माल काढून टाकणारी यंत्रणाही थंडावते. तयार होणं वाढतं आणि उचलणं घटतं, म्हणून व्रण, म्हणजे साचलेल्या धाग्यांचे कडक वळ. ग्लोमेरुलसमधल्या या गाठींचं पहिलं वर्णन किमेलस्टिल आणि विल्सन यांनी १९३६ मध्ये केलं, आणि बायॉप्सीच्या (किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये आजही त्या त्यांच्याच नावाने येतात.

गाळणीच्या बाहेरच्या बाजूला पोडोसाइट पेशी बोटं गुंफून बसलेल्या असतात. नेफ्रिन या प्रथिनाने त्यांच्यातल्या फटी शिवलेल्या असतात. दाब आणि साखरेने शिवण उसवते, बोटं सपाट होतात, पेशी सुटून लघवीत वाहून जाते. पोडोसाइट जवळजवळ विभागत नाहीत, गेलेली जागा भरत नाही. उघडी पडलेली भिंत बाजूच्या कवचाला चिकटते आणि तिथून तो ग्लोमेरुलस बुजतो. मधुमेहाच्या किडनीचा सगळा हिशेब, आमच्या मते, या पेशी किती शिल्लक आहेत यावर आहे.

गळलेलं अल्ब्युमिन पुढे नळीच्या पेशी गिळतात आणि त्यांनाच त्याचा त्रास होतो. त्या दाह पसरवणारे निरोप सोडतात, नळ्यांमधल्या जागेतल्या फायब्रोब्लास्ट आणि पेरिसाइट पेशी मायोफायब्रोब्लास्ट होऊन धागे विणायला लागतात, बारीक केशवाहिन्या मरतात, ऑक्सिजन कमी पडतो, त्याने आणखी व्रण. ईजीएफआर किती वेगाने घसरणार, याचा अंदाज ग्लोमेरुलसपेक्षा या मधल्या जागेतल्या व्रणांवरून जास्त चांगला येतो.

मग टीजीएफ-बीटालाच गोळी घाला की! हा विचार झाला. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं मधुमेही किडनीच्या रुग्णांवर तपासली गेली आणि फायदा झाला नाही. दाहाला आवर घालणं हेही टीजीएफ-बीटाचंच काम आहे. म्हणून सध्या हाती असलेली औषधं चौकात उभी राहत नाहीत, चौकाकडे येणारे रस्ते अडवतात.

व्रण भरून येतात का? टाईप-१ मधुमेहात स्वादुपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्या आठ रुग्णांच्या किडनीचे नमुने १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षं शुगर पूर्ण नॉर्मल राहूनही फरक नव्हता. दहा वर्षांनी मात्र जाड झालेली भिंत आणि साचलेला माल ओसरलेला दिसला. गोळ्यांवर असलेल्या माणसाची शुगर अशी दहा वर्षं सलग नॉर्मल राहत नाही, म्हणून रोजच्या व्यवहारात आहे ते टिकवणं हेच ध्येय धरायचं.

गोळ्या आणि त्या बंद का पडतात

पहिली ओळ एआरबी किंवा एसीई इनहिबिटर या अँजिओटेन्सिनला आवरणाऱ्या बीपीच्या गोळ्यांची: टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल. ही बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात, दाब उतरवतात. मधुमेही किडनीत लोसार्टन आणि इर्बेसार्टनचा उपयोग २००१ मध्ये मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला. इथे होणारी चूक डोसाची. बीपी १२८ आलं म्हणून टेल्मिसार्टन ४० वर वर्षानुवर्षं थांबतात. गळती असेल तर सोसेल तेवढ्या वरच्या डोसापर्यंत, टेल्मिसार्टन ८०, लोसार्टन १००, जायला हवं. हे डॉक्टरांना विचारून, पण विचारायचं जरूर. एसीई आणि एआरबी दोन्ही एकत्र घ्यायचे नाहीत. पोटॅशियम चढतं आणि किडनी अचानक बसते. गरोदरपणात दोन्ही बंद.

दुसरी ओळ डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ही एसजीएलटी-२ वाहक अडवतात. मॅक्युला डेन्साला मीठ परत दिसतं, आणणारी वाहिनी आवळली जाते. डापाग्लिफ्लोझिनच्या २०२० च्या चाचणीत किडनी निम्म्याने उतरणं, डायलिसिसची पाळी किंवा किडनी-हृदयाच्या विकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. ईजीएफआर २० पर्यंत सुरू करता येतं. ईजीएफआर ४५ च्या खाली शुगरवर तिचा परिणाम फारसा राहत नाही, तरी किडनीचं रक्षण चालू राहतं. ‘शुगर उतरत नाही, कशाला घ्यायची’ हा हिशेब चुकीचा. २०२० मध्ये भारतात पेटंट संपल्यापासून जेनेरिक गोळी आवाक्यात आली आहे. ती चालू असताना लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘शुगर ++++’ येणारच, औषध काम करतंय एवढाच त्याचा अर्थ. जननेंद्रियाला बुरशीची खाज येऊ शकते; लघवीनंतर पाण्याने धुणं आणि कोरडं ठेवणं एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

तिसरी ओळ फिनेरेनोन. हे अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा ग्राहक अडवतं, दाह आणि धागे विणण्याचा रस्ता बंद करतं. पोटॅशियम ५ च्या आत असेल तरच. आणि चौथी सेमाग्लुटाइड, जिचा किडनीला फायदा २०२४ च्या चाचणीत दिसला. किंमत परवडली तर.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. पहिल्या दोन गटांची गोळी सुरू केली की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. दाब उतरला की गाळणं थोडं कमी होणारच, ते अपेक्षित आहे. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सोसायची: १.२ चं १.५ झालं तर गोळी चालू ठेवायची. १.६ च्या पुढे गेलं तर थांबून कारण शोधायचं: जुलाब झाले का, पेनकिलर घेतली का, किडनीची धमनी अरुंद आहे का. नेमक्या याच टप्प्यावर कुणीतरी ‘या गोळीने किडनी खराब झाली’ म्हणतं आणि सगळ्यात उपयोगाची गोळी कचऱ्यात जाते.

पोटॅशियमचंही तसंच. ५.८ आलं की घाबरगुंडी उडते. आधी नमुना कसा गेला ते विचारा. अक्कलकोट किंवा बार्शीच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त पेशी वेगळ्या न करता संध्याकाळी सोलापुरात पोहोचलं, किंवा दंडाला पट्टा घट्ट बांधून मूठ आवळून घेतलं, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा चढतो. त्याच दिवशी मोठ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा द्या. छातीत धडधड किंवा हातापायांत ताकद नसणं असेल तर मात्र लॅब नाही, थेट दवाखाना.

रेशो ३०० च्या वर असेल तर निदान ३० टक्के उतरणं हे पहिलं लक्ष्य. बीपी १३० / ८० च्या आत. मोजताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या पातळीवर.

शुगरचं लक्ष्य माणसागणिक वेगळं, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, साडेसहा ते आठच्या दरम्यान. ‘नंतर करू कंट्रोल’ हे मात्र महागात पडतं. टाईप-१ च्या १,४४१ जणांची अमेरिका-कॅनडातली चाचणी १९९३ मध्ये संपली. त्यानंतर दोन्ही गटांची शुगर सारखी झाली, तरी आधी शुगर आटोक्यात ठेवलेल्या गटाची किडनी पुढची कित्येक वर्षं चांगली राहिली. जुन्या साखरेच्या खुणा केंद्रकातल्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, उरतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आणि एक फसवं चिन्ह. वर्षानुवर्षं न बसणारी शुगर अचानक उतरायला लागली, इन्सुलिनची युनिटं कमी करावी लागली, की काढ्याचा गुण आला म्हणतात. रक्तातलं इन्सुलिन संपवण्याचं काम किडनीही करते. किडनी मंदावली की ते अंगात रेंगाळतं. अशा वेळी ईजीएफआर आधी बघा. ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची गोळी चालू असेल तर लगेच बदलून घ्या, त्याने शुगर रात्री धोकादायक खाली जाते. मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली निम्मा, ३० च्या खाली बंद.

उन्हाळा, उपास, जुलाब, पेनकिलर

पारा चाळिशीपार, पत्र्याच्या शेडमध्ये माग चालू, अंगातलं पाणी घामावाटे चाललेलं. त्यात उलट्या-जुलाब लागले तर एआरबी, डापाग्लिफ्लोझिन, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी आणि मेटफॉर्मिन तात्पुरत्या थांबवायच्या आणि खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा चालू करायच्या. इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, डोस विचारून घ्यायचा. हे एका कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्याला चिकटवून ठेवा. थांबवलेली गोळी परत सुरू करायला विसरणं हीही नेहमीची चूक.

निर्जळी एकादशी, नवरात्रीचा कडक उपास, रोजे: डापाग्लिफ्लोझिनवर असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. पोटात अन्न-पाणी नसताना शुगर १८० च असूनही रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका, कीटोन तपासा. ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधीही ही गोळी थांबवतात.

दिवसभर मांडी घालून विड्या वळून कंबर धरते, मागावर उभं राहून गुडघे. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनची पट्टी येते. किडनीत रक्त आणणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर उघडी राहते. ही औषधं तेच थांबवतात. एआरबी आणि पाण्याची गोळी चालू असताना त्यात पेनकिलर मिसळली तर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. दुखण्याला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, शेक, व्यायाम. तंबाखू, मिस्री, विडी किडनीलाही सोडत नाही.

ताटात

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. जास्त मीठ असलं की एआरबीचा गुण अर्धामुर्धाच येतो. शेंगाचटणी सोडायची नाही, बिनमिठाची कुटून घ्यायची. लसूण आणि लाल तिखट चव सांभाळून घेतात. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो. सैंधव हेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, एआरबीवर असाल तर ते नको.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम: साठ किलोच्या माणसाला ४८. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहाएक ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस. म्हणजे भाकरी, डाळ, थोडी चटणी यांतच कोटा भरत येतो. प्रोटीन पावडर नको, आणि डाळ पूर्ण बंद करून अंग वाळवणंही नको. डाळिंब, केळी, टोमॅटो पोटॅशियमच्या भीतीने सरसकट बंद करू नका, रक्तात ते वाढलेलं असेल तरच. जास्त पाणी प्यायल्याने किडनी धुऊन निघत नाही. तहान आणि घामाप्रमाणे प्या, सूज असेल तर मोजून. भस्मं आणि नाव नसलेल्या पुड्यांत जड धातू असू शकतात, त्या नकोच.

किडनीतज्ज्ञाकडे कधी

डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाची काहीच खूण नाही आणि तरी लघवीतून भरमसाट प्रथिनं जातात, लघवीत रक्तपेशी आहेत, ईजीएफआर महिन्या-दोन महिन्यांत कोसळला, तर कारण मधुमेह नसून दुसराच, कदाचित बरा होणारा विकार असू शकतो. तिथे बायॉप्सीला नाही म्हणू नका. रेशो गोळ्या घेऊनही ३०० च्या वर राहिला किंवा ईजीएफआर ३० च्या खाली गेला तरी जा. डायलिसिसची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते. रेशनकार्ड आणि आधार आधीच जुळवून ठेवा.

ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यापासून ज्या हाताने काम करत नाही, त्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरेतून रक्त देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. पुढे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून करतात तो फिस्टुला बहुधा त्याच हातावर करतात, आणि सुयांनी खराब झालेल्या शिरेवर तो नीट होत नाही. नर्सला सांगा, पंजाच्या मागच्या बाजूची शीर घ्या.